ब्रॉग्ली नव्हे, ब्रय: एका दुर्मीळ फ्रेंच आडनावाचा प्रवास

बारावीच्या भौतिकशास्त्रात एक छोटंसं समीकरण येतं. लॅम्डा बरोबर एच भागिले पी. त्याच्या शेजारी शास्त्रज्ञाचं नाव असतं, लुई द ब्रॉग्ली. कुणी 'डी ब्रॉग्ली' म्हणतं, कुणी 'डी ब्रोग्लाय', आणि तास पुढे सरकतो. समीकरण सोडवायला नावाचा उच्चार लागत नाही हे खरं. पण त्या नावाच्या स्पेलिंगमध्ये दोन हजार वर्षांचा प्रवास दडलेला आहे आणि तो इतका सुंदर आहे की एकदा निवांतपणे सांगायलाच हवा.

आधी उच्चार. फ्रान्समध्ये हे नाव ज्यांचं आहे ती मंडळी ते साधारण 'ब्रय' असं म्हणतात. 'ब्र' म्हणताना ओठ 'ऑ'साठी करतो तसे गोल करायचे, जीभ मात्र 'ए' म्हणतो त्या जागी ठेवायची, आणि शेवटी हलकासा 'य'. एका दमात, एकाच अक्षरात. काही फ्रेंच लोक 'ब्रॉय' म्हणतात, तेही रूढ आहे. 'ग' मात्र या दोन्हींत ऐकू येत नाही, 'ल'ही नाही, शेवटची 'ई'ही नाही. रोमन लिपीत सात अक्षरं लिहायची आणि त्यातली निम्मी गिळून टाकायची, असं वरवर दिसतं.

फ्रेंच स्पेलिंग विचित्रच असतं, असं म्हणून आपण हा विषय सोडून देतो. इथे ते उत्तर पुरेसं नाही. कारण हे स्पेलिंग मुळात फ्रेंच नाहीच, ते इटालियन आहे.

'ग' कुठून आला

इटालियनमध्ये 'जी-एल-आय' ही तीन अक्षरं एकत्र आली की त्यांचा उच्चार बहुतेक वेळा 'ल्य' असा होतो. कुटुंबाला इटालियन शब्द आहे 'फामील्या', तो लिहिताना मात्र मध्ये 'ग' घालतात. चित्रकार मोदिल्यानी यांच्या नावातही तोच मूक 'ग' आहे. तो 'ग' म्हणजे स्वतंत्र आवाज नाही. पुढचा 'ल' टाळूला जीभ चिकटवून ओला, मऊ म्हणायचा आहे एवढीच ती खूण. इटलीत हे आडनाव 'ब्रोग्लिया' असं लिहीत आणि 'ब्रोल्या' असं म्हणत.

फ्रेंचमध्येही तोच मऊ 'ल्य' होता. फक्त तो लिहायची पद्धत वेगळी होती: 'आय-एल' किंवा 'आय-एल-एल'. पुढे फ्रेंच लोकांच्या तोंडात या 'ल्य'मधला 'ल' झिजत गेला आणि नुसता 'य' उरला. सतराव्या-अठराव्या शतकांत पॅरिसच्या सामान्य माणसांच्या बोलण्यात हा बदल पसरला आणि एकोणिसाव्या शतकात सगळ्यांनीच तो स्वीकारला. कोशकार एमील लित्रे यांना हे अजिबात मान्य नव्हतं. १८६० आणि १८७०च्या दशकांत निघालेल्या आपल्या महाकोशात ते शब्दाशब्दापाशी बजावत राहिले की इथे मऊ 'ल' म्हणा, 'य' म्हणू नका. भाषेने त्यांचं ऐकलं नाही.

या बदलाचा पुरावा आपल्या मराठी पुस्तकांतही आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाला आपण 'व्हर्सायचा तह' म्हणतो. रोमन स्पेलिंगमध्ये त्या नावात दोन 'एल' आहेत, तरी आपण 'व्हर्साल्य' लिहीत नाही, कारण आपल्यापर्यंत हे नाव 'ल' झिजून गेल्यावर पोहोचलं. 'ब्रोल्या'चंही नेमकं हेच झालं. फ्रान्समध्ये आल्यावर त्यातला 'ल्य' इतर फ्रेंच शब्दांच्या संगतीने 'य' झाला. कागदावरचा इटालियन 'ग' मात्र तसाच राहिला, कारण सरदार घराणी आपल्या सहीतलं अक्षर सहजासहजी बदलत नाहीत.

शेवटची 'ई' कुठून आली, तेही सोपं आहे. इटालियन नावाच्या शेवटी 'आ' असला की फ्रेंचमध्ये त्या जागी बहुधा मुका 'ए' (रोमन लिपीतली 'ई') येतो. इटालिया झाली इताली, लोम्बार्दिया झाली लोंबार्दी. तसं ब्रोग्लियाचं ब्रोग्लि-ए झालं आणि शेवटचा 'ए' मुका राहिला. त्या अक्षरांकडे बघून आपण 'ब्रॉग्ली' वाचतो, यात आपला काही दोष नाही.

राईचं नाव

आता अर्थ. माझ्या मते या नावातला सगळ्यात देखणा भाग हाच.

मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'ब्रोगिलुस' असा एक शब्द आढळतो. कुंपण घातलेली राई, शिकारीची जनावरं राखायला बंदिस्त केलेलं रान, असा त्याचा अर्थ. फ्रँक राजा शार्लमेनच्या काळात, इसवी सन ८००च्या सुमारास, राजाच्या जमिनी कशा सांभाळाव्यात याचा एक तपशीलवार हुकूमनामा निघाला. मधमाश्या, कोंबड्या, दारूची पिंपं, फळझाडं, सगळ्यांची त्यात व्यवस्था लावलेली आहे. त्याच्या ४६व्या कलमात म्हटलं आहे की आमच्या राया, ज्यांना लोक ब्रोगिली म्हणतात, त्या नीट राखाव्यात. 'लोक म्हणतात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. हुकूमनामा लिहिणाऱ्या कारकुनाला ठाऊक होतं की हा शब्द अस्सल लॅटिन नाही, गावकऱ्यांच्या तोंडचा आहे.

आणि गावकऱ्यांकडे तो रोमन लोक येण्याआधीपासून होता. आजच्या फ्रान्समध्ये तेव्हा गॉल लोक राहत आणि त्यांची भाषा केल्टिक होती. त्या भाषेत 'ब्रोगा' म्हणजे शेत, मुलूख, हद्द. आल्प्सच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका गॉल जमातीचं नाव 'आल्लोब्रोगेस' होतं, म्हणजे 'परमुलखातले'. ब्रिटनमधल्या वेल्श भाषेत 'ब्रो' म्हणजे आजही आपला मुलूख, आणि वेल्श लोक स्वतःच्या देशाला 'कमरी' म्हणतात त्यातही हेच मूळ आहे: एका मुलखातले, म्हणजे देशबांधव. 'ब्रोगा'ला लहानपण दाखवणारा प्रत्यय लागून 'ब्रोगिलो' झाला. हद्द घातलेला छोटा तुकडा, म्हणजे राई.

हा शब्द ज्या ज्या भाषेत गेला तिथे वेगळा झाला. जर्मनीत 'ब्र्युल' झाला, आणि कलोनजवळ त्याच नावाचं शहर आहे. उत्तर इटलीत 'ब्रोलो', 'ब्रोल्यो' झाला. फ्रान्समध्ये तो झिजून 'ब्रय' झाला. लिहिताना बी-आर-ई-यू-आय-एल, उच्चार मात्र 'ब्रय'. आज फ्रान्सच्या नकाशावर 'ल ब्रय' किंवा 'द्यु ब्रय' असलेली गावं भरपूर सापडतात. त्यांच्यावरून आलेलं 'द्युब्रय' हे आडनावही चांगलंच रुळलेलं आहे.

थोडं थांबून हे पुन्हा बघू. गॉलमध्ये जन्मलेला एक शब्द आल्प्स ओलांडून इटलीत गेला, तिथे एका घराण्याचं आडनाव झाला, कित्येक शतकांनी मागे फिरला, आणि फ्रेंच तोंडात परत 'ब्रय' झाला. जे भावंड कधी घर सोडून गेलंच नाही, त्याचा उच्चारही 'ब्रय'च. दोघांची स्पेलिंगं इतकी वेगळी की कागदावर कुणी नातं ओळखणार नाही, पण डोळे मिटून ऐकलं तर फरक करता येत नाही. नावांचा अभ्यास करणाऱ्याला असा योग क्वचितच मिळतो.

(इटालियनमध्ये 'ब्रोल्यो' म्हणजे निवडणुकीतली लबाडी असाही एक अर्थ आहे. व्हेनिसमध्ये मतं मिळवण्यासाठी सरदार ज्या बागेत एकमेकांना गाठत, त्या बागेवरून तो आला असं काही जण सांगतात. इतर अभ्यासक त्याचं मूळ वेगळ्याच क्रियापदात शोधतात. आपल्या आडनावाचा संबंध राईशी आहे, एवढं धरून पुढे जाऊ.)

किएरीची सात 'ब'

वायव्य इटलीत तुरिनच्या जवळ किएरी नावाचं गाव आहे. मध्ययुगात ते छोटं स्वतंत्र नगरराज्य होतं, कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं. तिथला कारभार काही मातब्बर घराण्यांच्या हातात होता. त्यातल्या सात घराण्यांची आडनावं 'ब'ने सुरू होत: बाल्बो, बाल्बियानो, बेन्सो, बेर्तोने, बिस्कारेत्ती, ब्रोल्या, बुस्केत्ती. लोक त्यांना 'किएरीची सात ब' म्हणत. यातल्या बेन्सो घराण्यातच पुढे कामिल्लो बेन्सो, म्हणजे इटलीच्या एकीकरणाचे शिल्पकार काव्हूर, जन्मले.

ब्रोल्या घराण्यातला फ्रान्चेस्को मारिया हा सैनिकी पेशाचा माणूस सतराव्या शतकाच्या मध्यात फ्रान्सच्या चाकरीत गेला. त्या काळी फ्रान्सचा कारभार कार्डिनल माझारँ यांच्या हातात होता आणि तेही मूळचे इटालियन, जन्मनाव जूल्यो माझारिनो. दरबारात इटालियनांची चलती होती. संगीतकार लुल्ली आले आणि स्पेलिंगच्या शेवटी 'आय'ऐवजी 'वाय' लावून फ्रेंच झाले. खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी दोमेनिको कासिनी 'जाँ-दोमिनिक' झाले. फ्रान्चेस्को मारिया ब्रोल्याही 'फ्राँस्वा-मारी द ब्रय' झाला. १६५६ मध्ये व्हालेन्झाच्या वेढ्यात तो मारला गेला. तो गाव इटलीतच, त्याच्या जन्मगावापासून फार दूर नाही. मेला मात्र फ्रान्सच्या राजासाठी.

नावाच्या पुढे हा जो 'द' लागला त्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्याकडे त्यावरून फार गोंधळ होतो. 'द' म्हणजे 'चा', 'चे'. अमुक गावचा, अमुक जहागिरीचा. 'द' आहे म्हणजे माणूस सरदारच, असं नाही. कित्येक साध्या शेतकरी घराण्यांच्या नावात 'द' असतो आणि कित्येक जुन्या सरदारांच्या नावात नसतो. यादीत नाव लावताना 'द' मोजत नाहीत. म्हणून फ्रेंच ग्रंथालयात लुई द ब्रॉग्ली 'द'खाली सापडणार नाहीत, 'ब'खाली सापडतील.

बोलण्यात अजून एक गंमतशीर नियम आहे. पहिलं नाव किंवा उपाधी न लावता नुसतं आडनाव घ्यायचं असेल तर 'द' गळून पडतो. अलेक्सी द तोकव्हील यांना नुसतं 'तोकव्हील' म्हणतात. पण आडनाव एकाच अक्षराचं असेल तर 'द' सोडत नाहीत, कारण मग नाव फारच तुटपुंजं वाटतं. म्हणून 'गोल' नाही, 'द गोल'. आणि 'ब्रय' उच्चारात एकाक्षरीच असल्यामुळे तिथेही 'द' टिकून राहतो. त्यामुळे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांना 'द ब्रॉग्ली यांचा तरंग' म्हणायचं झालं की 'द द ब्रय' असा दोनदा 'द' उच्चारावा लागतो, आणि पुस्तकांत तो तसाच छापलेलाही असतो. ती छपाईची चूक नाही.

गावाला मिळालेलं आडनाव

फ्रान्चेस्को मारियाच्या वंशजांनी फ्रान्समध्ये जे नाव कमावलं ते तलवारीवर. मुलगा व्हिक्तॉर-मोरिस १७२४ मध्ये फ्रान्सचा मार्शल झाला. नातू फ्राँस्वा-मारी १७३४ मध्ये. पणतू व्हिक्तॉर-फ्राँस्वा १७५९ मध्ये. लागोपाठ तीन पिढ्यांत मार्शलपद, ही त्या सैन्यात फार दुर्मीळ गोष्ट.

१७४२ मध्ये नातवाला, म्हणजे फ्राँस्वा-मारी यांना, पंधराव्या लुईने ड्यूक केलं. ड्यूक व्हायचं तर ड्यूकची जहागीर हवी आणि त्या जहागिरीला नाव हवं. नॉर्मंडीत, आजच्या अर जिल्ह्यात, शांब्रे नावाच्या गावी या घराण्याचा किल्लेवजा वाडा होता. राजाज्ञेने शांब्रेचं नाव बदलून 'ब्रोग्लि' करण्यात आलं. ते गाव आजही त्याच नावाने ओळखलं जातं आणि वाडा अजून उभा आहे.

आपल्याकडे सहसा गावावरून आडनाव येतं: साताऱ्याचे सातारकर, पेणचे पेणकर. फ्रान्समध्येही बहुसंख्य 'द' नावांचा प्रवाह याच दिशेचा. इथे तो उलटा फिरला. इटलीतल्या आडनावाने नॉर्मंडीतल्या एका जुन्या गावाचं नाव पुसून टाकलं. आणि त्या आडनावाचा मूळ अर्थ पाहिला तर गावाला मिळालेलं नवं नाव म्हणजे 'राई', फ्रान्समधल्या शेकडो गावांना आधीपासूनच असलेलं नाव. फक्त ते परदेशी वेषात आलं होतं, म्हणून कुणी ओळखलं नाही.

१७५९ मध्ये फ्रँकफुर्टजवळच्या बेर्गेनच्या लढाईत व्हिक्तॉर-फ्राँस्वा यांनी ब्रुन्सविकच्या फर्डिनांडचा पराभव केला. त्याबद्दल पवित्र रोमन सम्राटाने त्यांना 'प्रिन्स' ही पदवी दिली, आणि ती सगळ्या वंशजांना लागू होती. 'ड्यूक' मात्र एका वेळी एकच. त्यामुळे भौतिकशास्त्राच्या जुन्या लेखांत लुई यांचा उल्लेख 'प्रिन्स' असा येतो आणि नंतरच्या लेखांत 'ड्यूक' असा. दोन्ही बरोबर आहेत. १९६० मध्ये थोरले भाऊ मॉरिस वारल्यावर लुई सातवे ड्यूक झाले.

क्रांती आणि नावं

१९ जून १७९० रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने वंशपरंपरागत सरदारकी रद्द केली. त्याच ठरावात एक कलम होतं: यापुढे प्रत्येक नागरिकाने आपल्या कुटुंबाचं खरं नावच लावायचं. हे कलम वाचायला साधं वाटतं, पण त्याने मोठी उलथापालथ केली. कारण बहुतेक सरदार जहागिरीच्या नावाने ओळखले जात. ज्यांना सारं युरोप मिराबो म्हणून ओळखत होतं, त्यांचं खरं आडनाव होतं रिकेती. लाफायेत यांचं मोत्तिए. एका रात्रीत वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना कळेना की हे नवे लोक कोण.

ब्रय घराण्याला ही अडचण आलीच नाही. त्यांनी जमिनीचं नाव घेतलं नव्हतं, जमिनीला आपलं नाव दिलं होतं. उपाध्या गेल्या, नाव तेवढं राहिलं.

जीव मात्र सगळ्यांचे राहिले नाहीत. म्हातारे मार्शल व्हिक्तॉर-फ्राँस्वा यांना सोळाव्या लुईने जुलै १७८९ मध्ये पॅरिसभोवतीच्या फौजांचं नेतृत्व दिलं होतं. बास्तीयचा किल्ला पडल्यावर ते देश सोडून गेले आणि १८०४ मध्ये जर्मनीत म्युन्स्टरला वारले. त्यांचा मुलगा क्लोद-व्हिक्तॉर क्रांतीच्या बाजूचा होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, राष्ट्रीय सभेचं अध्यक्षपद भूषवलेला. २७ जून १७९४ रोजी त्याला गिलोटिनवर चढवलं. बाप राजाचा म्हणून परागंदा, मुलगा क्रांतीचा असूनही क्रांतीकडूनच मारला गेला. त्या वेळी अवघ्या आठ वर्षांचा असलेला क्लोद-व्हिक्तॉरचा मुलगा पुढे १८३५ मध्ये फ्रान्सचा पंतप्रधान झाला, आणि त्याचा मुलगा आल्बेरही १८७०च्या दशकात दोनदा.

क्लोद-व्हिक्तॉरच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, २३ ऑगस्ट १७९४ रोजी, आणखी एक कायदा झाला: जन्मदाखल्यात जे नाव आहे त्याखेरीज दुसरं नाव कुणीही लावू नये. फ्रान्समध्ये तो आजही लागू आहे. त्याआधी १५३९ च्या राजाज्ञेने चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ठेवणं सक्तीचं केलं होतं, त्यातून आडनावं हळूहळू स्थिरावली. १७९४ च्या कायद्याने ती गोठली. फ्रेंच आडनावांत आज इतकी जुनी, अनाकलनीय स्पेलिंगं का दिसतात, याचं एक मोठं कारण हे आहे. भाषा बदलत गेली, नाव दाखल्यात अडकून राहिलं.

एका गावातले दोन तरंग

आता भौतिकशास्त्राकडे येऊ. ब्रोग्लि गावातल्या वाड्याच्या दुरुस्तीचं काम मार्शल व्हिक्तॉर-फ्राँस्वा यांनी ज्याक फ्रेनेल नावाच्या वास्तुविशारदाकडे दिलं होतं. त्या कामामुळे फ्रेनेल कुटुंब गावात राहत होतं, आणि १० मे १७८८ रोजी तिथेच त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव ऑग्युस्तँ. प्रकाश हा कणांचा झोत नसून तरंग आहे, हे ज्याने गणिताने आणि प्रयोगांनी पटवून दिलं तो हाच फ्रेनेल. दीपगृहांत आजही त्याच्या नावाची भिंगं असतात.

सव्वाशे-दीडशे वर्षांनी, त्याच गावाचं नाव धारण करणाऱ्या लुई यांनी उलटा प्रश्न विचारला. प्रकाशाला तरंग मानलं होतं, पण आइन्स्टाइन यांनी दाखवलं की तो कणासारखाही वागतो. मग ज्याला आपण कण मानतो, तो इलेक्ट्रॉन, तरंगासारखा वागत असेल का? २५ नोव्हेंबर १९२४ रोजी पॅरिसच्या सॉर्बॉन विद्यापीठात त्यांनी हा प्रबंध मांडला. कोणत्याही कणाची तरंगलांबी म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले त्या कणाचा संवेग. हेच ते फळ्यावरचं समीकरण. परीक्षकांपैकी पॉल लांजव्हँ यांनी प्रबंधाची प्रत आइन्स्टाइनना पाठवली होती आणि आइन्स्टाइन प्रभावित झाले. १९२७ मध्ये अमेरिकेत डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडून तरंगांसारखी नक्षी प्रत्यक्ष मिळवली. १९२९ मध्ये लुई यांना नोबेल मिळालं. विशेष म्हणजे त्यांनी कॉलेजात आधी इतिहास घेतला होता. विज्ञानाकडे ते थोरले भाऊ मॉरिस यांच्यामुळे वळले. मॉरिस यांनी पॅरिसमधल्या स्वतःच्या घरात क्ष-किरणांची प्रयोगशाळा थाटली होती.

त्या प्रयोगशाळेशी आपल्या देशाचाही संबंध आहे. १९२४ च्या शरदात ढाक्याहून पॅरिसला पोहोचलेल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी मॉरिस यांच्याकडेच क्ष-किरणांचं तंत्र शिकून घेतलं. योग असा की, बोस यांची मोजणीची पद्धत पुढे नेणारा जो निबंध आइन्स्टाइन यांनी लिहिला, त्यातच त्यांनी लुई यांच्या प्रबंधाचा आधार घेतला. ढाका आणि पॅरिसमधल्या दोन तरुणांच्या कल्पना बर्लिनमधल्या एका टेबलावर एकत्र आल्या.

दुसरा भारतीय धागा अगदी वेगळा आहे. या घराण्यातले आमेदे आणि त्यांची पत्नी मारी, साखरेच्या व्यापारातली वारसदार, लुआर नदीकाठच्या शोमाँच्या वाड्यात राहत. कपूरथळ्याच्या महाराजांनी त्यांना एक हत्तीण भेट दिली होती. ती वाड्याच्या पागेत राहायची. आज ती पागा पाहायला गेलं की हत्तिणीची आठवण हमखास सांगतात.

नाव दुर्मीळ का राहतं

'मार्तँ' हे फ्रान्समधलं सर्वाधिक आढळणारं आडनाव, कारण संत मार्तँच्या नावाची माणसं गावोगाव होती आणि प्रत्येक गावात ते आडनाव स्वतंत्रपणे सुरू झालं. 'द्युब्रय'चंही थोडंफार तसंच, राया पुष्कळ होत्या. 'ब्रोग्लि' मात्र फ्रान्समध्ये एकदाच आलं. एक माणूस, एक वेळ, एक वंश. या आडनावाला दुसरा उगम नाही, म्हणून ते दुर्मीळ.

अशी एकमुखी नावं टिकणं अवघड असतं. आडनाव फक्त मुलांकडून पुढे जात असेल, तर प्रत्येक पिढीत थोडा जुगार असतो: मुलगा होईल का, तो जगेल का, त्याला मुलगा होईल का. लोकांना वाटतं की प्रत्येक बापामागे सरासरी एक मुलगा जगला तर नाव कायम राहील. गणित तसं सांगत नाही. सरासरी एक असली तरी कधी ना कधी एखाद्या पिढीत शून्य येतं, आणि शून्यातून परत येता येत नाही. म्हणजे पुरेसा काळ गेला की नाव संपणं निश्चित. हे १८४५ मध्ये इरेने-ज्यूल बिएनेमे या फ्रेंच गणितज्ञाने मांडलं, आणि त्याच्यासमोर प्रश्न होता तो जुन्या घराण्यांची नावं का विरतात हाच. तीस वर्षांनी इंग्लंडमध्ये गाल्टन आणि वॉटसन यांनी तोच प्रश्न हाताळला आणि श्रेय बराच काळ त्यांच्याकडेच राहिलं. आज हेच गणित साथीचे रोग आणि अणुविखंडनाच्या साखळ्या समजून घ्यायला वापरतात.

लुई यांच्या घरात हे गणित प्रत्यक्ष उतरलं. मॉरिस यांची एकुलती मुलगी बालपणीच गेली. लुई यांनी लग्न केलं नाही. १९ मार्च १९८७ रोजी ते वारले आणि ती शाखा तिथे थांबली. ड्यूकपद चुलत शाखेकडे गेलं. नाव वाचलं ते केवळ आधीच्या पिढ्यांत मुलगे भरपूर होते म्हणून.

फ्रेंच कायदा या बाबतीत आता बराच बदलला आहे. १ जानेवारी २००५ पासून आई-वडील मुलाला दोघांपैकी कुणाचंही किंवा दोघांचंही आडनाव देऊ शकतात. जुलै २०२२ पासून सज्ञान व्यक्ती आयुष्यात एकदा, साधा अर्ज करून, दुसऱ्या पालकाचं आडनाव घेऊ शकते. याखेरीज नागरी संहितेच्या ६१व्या कलमात एक तरतूद आहे जी मला फार मोलाची वाटते: चार पायऱ्यांपर्यंतच्या पूर्वजाचं किंवा नातलगाचं आडनाव नामशेष होऊ नये, एवढ्या कारणासाठीही नाव बदलून मागता येतं. आजीचं आडनाव तिच्याबरोबर संपणार असेल तर नातवाला ते उचलून धरता येतं.

स्ट्रासबर्ग शहराच्या मधोमध 'प्लास ब्रोग्लि' नावाचा लांबलचक चौक आहे. ड्यूक फ्राँस्वा-मारी अल्सासचे, म्हणजे जर्मनीलगतच्या या प्रांताचे, गव्हर्नर असताना तो आखला गेला. १७९२ च्या एप्रिलमध्ये याच शहरात रुजे द लिल यांनी एका रात्रीत 'मार्सेयेज', म्हणजे आजचं फ्रेंच राष्ट्रगीत, रचलं, आणि चौकातल्या एका इमारतीवर त्याची आठवण कोरलेली आहे. दर डिसेंबरला तिथे नाताळचा बाजार भरतो. अल्सासचे लोक शतकानुशतकं जर्मन वळणाची बोली बोलत आले, त्यांनी हे नाव कधीच पॅरिसच्या पद्धतीने घेतलं नाही. ट्रामच्या थांब्यावर कुणा स्ट्रासबर्गकराला 'ब्रय'ला कसं जायचं विचारलंत तर तो गोंधळेल. तिथे ते 'ब्रोग्ली'च आहे, 'ग'सकट, 'ल'सकट, आपल्या बारावीच्या वर्गात म्हणतात अगदी तसं.